पूजेत बसलेला लॅपटॉप

लग्नकार्यात कोणी "तुम्ही काय करता?" असं विचारलं की मी पूर्वी "कस्टमर केअर" म्हणून मोकळी व्हायचे. ते खोटं नव्हतं. आता मात्र खरं सांगते. लोक एकमेकांशी क्रिप्टो नाण्यांची अदलाबदल करतात, ती मध्येच अडकली की मी सोडवायला मदत करते. हे ऐकल्यावर निम्मे लोक पाणी प्यायला उठतात. उरलेले खुर्ची जवळ ओढून हळूच विचारतात, "आमच्या मेहुण्याचे बुडालेत हो. मिळतील का?"

बुडालेले मिळत नाहीत. कोणी टोपी घातली असेल तर पोलिसांकडे जा, मी त्यातली नाही. माझा प्रांत अडकलेल्यांचा. बुडालेलं आणि अडकलेलं यातला फरक समजावण्यात माझी कितीतरी वर्षं गेली आणि मला या कामाचा एकदाही कंटाळा आलेला नाही. आधी मी मोबाइल कंपनीच्या तक्रार विभागात होते. तिथे रोज तीच रडगाणी. इथे कोलशेतच्या आमच्या ऑफिसात स्क्रीनवर एखादी ओळ पिवळ्याची लाल झाली की पन्नाशी उलटलेल्या माझ्या अंगात अजून वीज फिरते. चहा तसाच गार होतो.

आता हा धंदा काय आहे ते सांगते. घाबरू नका, गणित नाही.

समजा तुमच्याकडे बिटकॉइन आहे आणि तुम्हाला त्याऐवजी दुसऱ्या जातीचं नाणं हवंय. तसं नाणं असलेला कोणीतरी जगाच्या पाठीवर कुठेतरी आहे, पण तुम्ही त्याला ओळखत नाही. आधी कोणी द्यायचं? तुम्ही दिलं आणि तो पळाला तर? मध्ये दलाल ठेवला तर दलाल पळाला तर? म्हणून या प्रकारात दलालच नाही. दोघांनी आपापलं नाणं एकेका पेटीत ठेवायचं. पेटी म्हणजे सगळ्यांना दिसेल असा, नेटवर्कवर लिहिलेला करार. दोन्ही पेट्यांना एकच गुपित आकडा लागतो आणि तो सुरुवातीला दोघांपैकी एकालाच ठाऊक असतो. त्याने तुमची पेटी उघडून तुमचं नाणं घेतलं, की उघडताना वापरलेला आकडा सगळ्या जगाला दिसतो. तुम्हालाही दिसतो. तोच आकडा लावून तुम्ही त्याची पेटी उघडायची आणि त्याचं नाणं घ्यायचं. झाली अदलाबदल. भरवसा कोणावरच ठेवायचा नाही.

आणि कोणी उघडलंच नाही तर? त्यासाठी प्रत्येक पेटीला एक घड्याळ असतं. वेळ संपली की ज्याचं नाणं त्याला परत घेता येतं. तुमच्या पेटीचं घड्याळ मुद्दाम छोटं असतं आणि आकडा ठाऊक असलेल्याचं मोठं. म्हणजे त्याने अगदी शेवटच्या घटकेला तुमची पेटी उघडली तरी तुम्हाला त्याची उघडायला सवड उरते. ही कल्पना ज्या कोणाला सुचली त्याला माझा नमस्कार. मला ती पहिल्यांदा समजली तेव्हा मी घरी जाऊन भाजी चिरता चिरता सासूबाईंना समजावली होती. त्या म्हणाल्या, "एवढं करण्यापेक्षा ओळखीच्या माणसाकडून घ्यावं."

असो. आता हे अडकतं कसं? नेट जातं. फोनची बॅटरी संपते. समोरचा पेटीत नाणं ठेवण्याआधीच विचार बदलतो. बहुतेक वेळा काहीही बिघडलेलं नसतं. घड्याळ संपू द्यायचं आणि आपल्याच अ‍ॅपमधलं परत घेण्याचं बटण दाबायचं. म्हणून माझ्या नोकरीचा मोठा भाग म्हणजे एकच शब्द, "थांबा." बंद करू नका, पुसू नका, नवीन अ‍ॅप टाकू नका, थांबा.

हा शब्द लोकांना पचत नाही. कोपरीचे एक निवृत्त काका होते, त्यांना आपण दामले म्हणू. त्यांची अदलाबदल अडकली तेव्हा ते फोनवर भागेना म्हणून थेट ऑफिसात आले. हातात पेढ्यांचा बॉक्स.

"तुमच्या साहेबांना भेटायचंय," ते म्हणाले.

"काका, साहेब असले तरी त्यांच्या हातात काही नाही. नाणं आमच्याकडे नसतंच. ते पेटीत आहे."

"पेटीची किल्ली कोणाकडे?"

"तुमच्याकडे. तुमच्या फोनमध्ये. उद्या सकाळी तुम्हीच बटण दाबायचंय."

"आणि सही कोणाची?"

"कोणाचीच नाही."

काकांनी पेढ्यांचा बॉक्स टेबलावरून हळूच आपल्याकडे ओढला. जिथे कोणाच्या सहीने काही होत नाही तिथे पेढे कोणाला द्यायचे, हा त्यांचा प्रश्न रास्तच होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः बटण दाबलं, नाणं परत आलं आणि त्यांनी फोन करून सांगितलं की आयुष्यात पहिल्यांदा एखादं काम कोणाला न भेटता झालं. त्यात त्यांना आनंदापेक्षा चुटपुटच जास्त होती. पेढे आम्हाला शेवटपर्यंत मिळाले नाहीत.

पण सगळ्या गोष्टी अशा हसून सोडता येत नाहीत. कल्याणची एक मुलगी होती, परदेशातल्या लोकांना चित्रं काढून द्यायची आणि मोबदला नाण्यांत घ्यायची. तिची अदलाबदल अडकली. तिने मला फोन करण्याआधी मैत्रिणीला केला. मैत्रीण म्हणाली, अ‍ॅप काढून परत टाक, माझं पण असंच हँग व्हायचं. तिने काढून टाकलं. किल्ली त्या अ‍ॅपमध्येच होती आणि किल्ली परत तयार करण्याचे जे शब्द सुरुवातीला जपून ठेवायचे असतात, ते तिने "नंतर बघू" म्हणून सोडले होते. मला फोन आला तेव्हा सगळं आटोपलं होतं. ती पेटी अजून आहे. मी आजही नेटवर्कवर ती उघडून बघू शकते, आत नाणं जसंच्या तसं दिसतं. घड्याळ कधीच संपलंय. परत न्यायला कोणी येणार नाही. मला त्या मुलीची फार वेळा आठवण येते.

त्यामुळे "थांबा" हा शब्द मी देवाच्या नावासारखा जपते. आणि म्हणूनच दसऱ्याच्या त्या दिवशी माझ्या तोंडचं पाणी पळालं.

आमच्या घरी त्या दिवशी धम्मचक्र प्रवर्तन दिन. मी पांढरी साडी नेसून कल्याण पूर्वेच्या आमच्या विहारात निघायच्या तयारीत होते, तोच फोन वाजला. नितीन गावडे. डोंबिवली एमआयडीसीत त्याचा आणि त्याच्या वडिलांचा लेथचा कारखाना आहे. आठवड्यापूर्वीच त्याची एक अदलाबदल अडकली होती, तेव्हा मी त्याला थांबायला सांगितलं होतं आणि नाणं सुखरूप परत आलं होतं.

"मॅडम, सुट्टीच्या दिवशी सॉरी हां," तो म्हणाला. "काल संध्याकाळी परत एक स्वॅप लावलेला. माझी पेटी झाली, त्याची पण झाली. मग सकाळी आप्पांनी लॅपटॉप बंद करून पूजेत ठेवला. म्हटलं, चालेल, फेल होईल, परत येईल. तुम्हीच बोललेलात ना, थांबा म्हणून. आता मोबाइलवर बघतोय तर माझ्या पेटीतनं कॉइन गेलेत."

"गेले म्हणजे? तुमच्याकडे परत आले?"

"नाही ना. त्याने घेतले."

माझं वाक्य त्याने धरून ठेवलं होतं, पण ते या वेळेसाठी नव्हतंच. समोरच्याने पेटी उघडली होती, म्हणजे गुपित आकडा जगजाहीर झाला होता. आता नितीनने तो आकडा लावून समोरच्याची पेटी उघडायची होती. लॅपटॉप चालू असता तर त्याने हे आपण होऊन केलं असतं, पण तो झाकण मिटून हळदीकुंकू लावून बसला होता. मोठं घड्याळ चालूच होतं. ते संपलं की समोरच्याचं मशीन आपलं नाणं परत ओढून घेणार. त्यात समोरच्याची बदमाशी असेलच असं नाही, मशीन आपलं काम करतं. पण नितीनचं नाणंही गेलं आणि बदल्यात मिळायचं तेही गेलं, असं झालं असतं. मी मोबाइलवर ते मोठं घड्याळ बघितलं. जेवायच्या वेळेपर्यंत मुदत होती.

"नितीन, लॅपटॉप उघडा. आत्ता. थांबू नका."

"मॅडम, खंडेपूजा झालीये. उद्या सकाळपर्यंत कशालाच हात लावायचा नाही, आप्पांचा नियम आहे. चाळीस वर्षांत मोडला नाही."

"मग आप्पांना सांगा काय झालंय ते."

तो आवाज खाली आणून म्हणाला, "आप्पांना माहीतच नाही, मॅडम. नवीन सीएनसी मशीनसाठी साठवलेलं सगळं मी यात घातलंय. त्यांना वाटतं बँकेत आहे."

एवढ्यात फोन कोणीतरी त्याच्या हातातून घेतला.

"कोण बोलतंय?" दमदार आवाज. हेच आप्पा.

"नमस्कार. मी तांत्रिक मदत विभागातून बोलतेय. तुमच्या मुलाचा लॅपटॉप जरा चालू करायला हवाय, फार तातडीचं आहे."

"बाई, पेपरात रोज वाचतो मी. फोनवरून गोड बोलायचं, घाई करायची, लॅपटॉप उघडायला लावायचं. मी म्हातारा आहे, खुळा नाही." फोन बंद.

खरं सांगते, त्या माणसाच्या पाया पडावं असं मला वाटलं. सगळ्या ग्राहकांनी असंच वागावं म्हणून आम्ही घसा कोरडा करतो. आज नेमका तोच शहाणपणा आडवा आला होता. आमच्या कंपनीत ग्राहकाच्या घरी जायचं नाही असा दंडक आहे. पण डोंबिवली एमआयडीसी माझ्या घरापासून स्कूटीने थोड्याच वेळाची. मी ओळखपत्र गळ्यात अडकवलं आणि सासूबाईंना म्हटलं, "तुम्ही वंदनेला व्हा पुढे, मी येते."

"पांढऱ्या साडीत कुठं निघालीस?"

"एक लॅपटॉप उठवायला."

शीळ रस्त्यावर सणाची गर्दी. शीळफाट्याकडे जाणारे ट्रक झेंडूचे हार लावून रांगेत उभे. मी पदर खोचून त्यांच्यामधून स्कूटी काढत होते आणि भीती बाजूला ठेवली तर मला आतून एक विचित्र उत्साह चढला होता. इतकी वर्षं हे सगळं स्क्रीनवर बघितलं. आज पहिल्यांदा मी स्वतः त्या घड्याळाच्या मागे धावत होते.

कारखान्याचं शटर अर्धं उघडं होतं. आत धुऊन पुसून लखलखीत केलेली दोन लेथ मशीनं, त्यांना तोरणं. पुढे पाटावर लाल कापड अंथरून व्हर्नियर, ड्रिल, पाने, हातोडी रांगेने मांडलेली आणि त्या रांगेच्या शेवटी, झाकणावर स्वस्तिक काढलेला, फुलं वाहिलेला काळा लॅपटॉप. नितीन कोपऱ्यात उभा, चेहरा उतरलेला. आप्पा धोतर नेसून खुर्चीत.

त्यांनी माझं ओळखपत्र हातात घेऊन नीट वाचलं. मग माझ्या साडीकडे बघितलं. "आज तुमचा पण सण."

"हो. विहारात निघाले होते."

"आणि तो सोडून आलात." त्यांनी ओळखपत्र परत दिलं. "मग बोला. काय आहे या लॅपटॉपमध्ये?"

मी नितीनकडे बघितलं. हे मी सांगायचं नव्हतं. मी तेवढंच म्हणाले, "ते हा सांगेल. पण लवकर सांगायला हवं."

नितीनने सांगितलं. पहिल्यांदा अडखळत, मग एका दमात. मशीनचे पैसे कुठे घातले, का घातले, कोणाला विचारलं नाही, सगळं. सांगून झालं तेव्हा आप्पांनी मलाच विचारलं, "आत्ता उघडला तर मिळेल?"

"मिळेल असं वाटतं. शब्द देत नाही. उशीर झाला तर नक्की जाईल."

मला वाटलं आता नियमावरून वाद होणार. मी मनात मुद्दे जुळवू लागले. पण आप्पा उठले, हात धुतले, तबकातल्या अक्षता घेतल्या आणि पाटासमोर बसले.

"गणपती कसा उठवतात, माहीत आहे ना?" ते नितीनला म्हणाले. "तशी याची एकट्याची उत्तरपूजा करू. बाकीची हत्यारं बसू देत उद्यापर्यंत. याचं काम निघालंय, याला जाऊ दे."

त्यांनी लॅपटॉपवर अक्षता टाकल्या, डोळे मिटून पुटपुटले आणि दोन्ही हातांनी तो जरासा उत्तरेकडे सरकवला. मग उचलून माझ्यासमोर धरला. मी हात मागे घेतले.

"मी हात लावणार नाही, काका. किल्ली तुमच्या मुलाची, बोट त्याचंच."

बोटानेच तर घात केला. झाकण उघडलं तर आत बोटाचा ठसा घेणाऱ्या चौकोनावर कुंकवाचा ठसठशीत टिळा. आप्पांनी मनापासून पूजा केली होती, आतूनही केली होती. नितीन बोट ठेवतोय, लॅपटॉप नाही म्हणतोय. पासवर्ड त्याला आठवेना, घामाने थबथबलेला. मी पदराचं टोक पुढे केलं.

"मॅडम, पांढरी साडी आहे."

"पुसा."

त्याने टिळा पुसला, बोट पुसलं, पुन्हा ठेवलं. उघडला. बॅटरी जेमतेम आणि कारखान्याचा मेन स्विच पूजेसाठी उतरवलेला. आप्पा मला विचारायलाही थांबले नाहीत, खटकन मेन चढवला. तोरणं लावलेल्या मशीनांवरचे दिवे लागले आणि त्यांनी मशीनांकडे बघून चक्क हात जोडले, "तुम्ही बसा, तुम्हाला नाही उठवलं."

मग सुरू झाली ती खरी परीक्षा. लॅपटॉप झोपलेला असताना नेटवर्कवर जे जे झालं ते सगळं त्याला आधी वाचून घ्यावं लागतं, तेव्हा कुठे तो गुपित आकडा त्याला सापडतो. पडद्यावरची निळी पट्टी इंचाइंचाने सरकत होती. माझ्या मोबाइलवर मोठं घड्याळ उतरत होतं. नितीन देवाचं नाव घेत होता, मी ओठ चावत होते आणि आप्पा पट्टीकडे अशा नजरेने बघत होते, जणू ती लेथवर फिरणारी शाफ्ट आहे आणि धार केव्हा लागेल ते त्यांना ठाऊक आहे.

पट्टी भरली. अ‍ॅपने आकडा उचलला. "दाबा," मी म्हणाले. नितीनने दाबलं.

तेवढ्याने होत नाही. नेटवर्कने ते पक्कं लिहून घ्यावं लागतं. तोवर घड्याळ संपलं असतं तर समोरच्याच्या मशीनशी शर्यत लागली असती आणि शर्यतीत कोण जिंकेल ते कोणीच सांगू शकत नाही. बाहेर कोणीतरी सोनं वाटत हाका मारत गेलं. मी पडदा ताजा केला, पुन्हा केला. आणि एका क्षणी ती ओळ हिरवी झाली.

"आलं," मी म्हणाले. "तुमच्याकडे आलं."

नितीन तिथेच जमिनीवर बसला आणि हमसून रडू लागला. माझेही डोळे भरून आले, लपवण्यात अर्थ नव्हता. इतकी वर्षं मी फोनवर "अभिनंदन" म्हणून लाइन बंद केलेली. माणूस असा समोर बसून रडताना मी कधी पाहिला नव्हता.

आप्पांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं. मग म्हणाले, "आता मला हे नीट समजावून सांगा. दोन पेट्या, एक आकडा, काय ते."

मी समजावलं. तुम्हाला वर सांगितलं तसंच. त्यांनी दोनदा प्रश्न विचारले आणि दोन्ही प्रश्न बरोबर जागी होते. शेवटी म्हणाले, "म्हणजे दोघांनी एकमेकांना काही सांगायचं नाही, एकमेकांवर विश्वास टाकायचा नाही, तरी व्यवहार होतो."

"हो, तीच तर खुबी आहे."

त्यांनी जमिनीवर बसलेल्या मुलाकडे बघितलं. "आमच्याकडे वर्षभर तसंच चाललेलं बघा. मला कळलंच नाही."

आप्पा उठून त्याच्याजवळ गेले, आपट्याचं एक पान त्याच्या हातात ठेवलं आणि म्हणाले, "मशीन घ्यायचं की नाही, ते आपण दोघं बसून ठरवू. जेवण झाल्यावर."

मला पण पान मिळालं. विहारात पोचेपर्यंत वंदना संपून खीर वाटप सुरू झालं होतं. सासूबाईंनी पदरावरचा कुंकवाचा लाल डाग पाहिला आणि घरी जाईपर्यंत एक शब्द विचारला नाही. तो डाग अजून पूर्ण गेलेला नाही.

या वर्षी दसऱ्याला सकाळी पुन्हा फोन वाजला. पडद्यावर नितीनचं नाव. फोनवर मात्र आप्पा होते. मागून नितीनचा हसण्याचा आवाज येत होता.

"मॅडम, पूजा मांडतोय," ते म्हणाले. "पोरगा म्हणतो लॅपटॉपमध्ये काही अर्धवट चालू नाही. त्याने मला दाखवलं पण. मी बघितलं, मला पटलं. आता ठेवू ना याला बाकीच्यांबरोबर?"

"ठेवा काका," मी म्हणाले. "आणि बोटाच्या जागेवर टिळा नको."

"छे, आता झाकणावरच लावतो," ते म्हणाले.